अधिकार वाटून टाकणारा आयुक्त: सुरत, १९९५ ते १९९७

मे १९९५ मध्ये एस. आर. राव सुरत महापालिकेचे आयुक्त म्हणून रुजू झाले, तेव्हा प्लेगची बातमी शिळी झाली होती. सप्टेंबर १९९४ मध्ये गाठोडी बांधून पळालेले लोक परतले होते, यंत्रमाग आणि हिरे घासायच्या घंट्या (चक्क्या) पुन्हा फिरत होत्या, आणि उकिरडेही आपापल्या जागी परत आले होते. साथीच्या दिवसांत झालेली साफसफाई काही महिन्यांत विरून गेली होती. ही तारीख आधी नीट लक्षात घ्यायला हवी, कारण रावांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ती गाळतात. 'प्लेग आला, कडक अधिकारी आला, शहर चकाचक झालं' असं सांगायला सोपं पडतं. पण साथ अंगावर आलेली असताना झाडू कुणीही हातात घेतं. राव आले ते साथ विसरायला निघालेल्या शहरात.

त्यानंतर ते सुमारे अडीच वर्षं तिथे होते. १९९६ मध्ये वारसा जतन करणाऱ्या 'इंटॅक' या संस्थेने सुरतेला चंडीगडखालोखाल देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. दोन वर्षांपूर्वी ज्या शहराचं नाव ऐकून परदेशी विमान कंपन्या भारतातली उड्डाणं रद्द करत होत्या, त्याच शहराची ही गोष्ट. १९७८ च्या तुकडीतल्या, गुजरात केडरच्या या अधिकाऱ्याला पुढे पद्मश्री मिळाली, आणि नोकरीच्या अखेरच्या टप्प्यात ते केंद्रात वाणिज्य सचिव झाले. प्रशासकीय सेवेत दिल्लीतलं सचिवपद म्हणजे शिखर. तरी त्यांचं नाव निघालं की लोकांना आठवते ती सुरतच.

आधी काय झालं होतं

मराठी वाचकाला सुरत काही नवी नाही. १६६४ पासून ओळख आहे, १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनातला राडाही पाठ आहे, आणि अलीकडे आमदारांच्या मुक्कामासाठीही हे शहर आपल्याकडे गाजलं. पण खरं नातं आहे ते तापी लाइनचं. नंदुरबार, धुळे, जळगावकडून भुसावळ-सुरत गाडीत बसून माग चालवायला गेलेल्या माणसांनी लिंबायत, उधना, पांडेसरा हे भाग भरले आहेत. तिथल्या गल्ल्यांत अहिराणी कानावर पडते. १९९४ साली झोपडपट्ट्यांत राहणाऱ्यांमध्ये ओडिशा, उत्तर प्रदेश, सौराष्ट्रातल्या लोकांच्या बरोबरीने ही आपली माणसं मोठ्या संख्येने होती, आणि पळापळीतही होती.

त्या वर्षीची सुरुवातसुद्धा महाराष्ट्रातली. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले. भूकंपाच्या धास्तीने लोकांनी सोडलेल्या घरांत साठवलेलं धान्य आणि त्यावर माजलेले उंदीर, असं त्याचं कारण सांगितलं जातं. सुरतेत त्याच सुमारास अतिवृष्टी आणि तापीचा पूर येऊन गेला होता. सखल भागातल्या वस्त्यांत पाणी साचलं, मेलेली जनावरं उचलली गेली नाहीत. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वेड रोडच्या बाजूने फुप्फुसाच्या आजाराने माणसं दगावू लागली. बातमी फुटली आणि शहरातून लाखो लोक बाहेर पडले. त्यांत खासगी दवाखान्यांना कुलूप लावून गेलेले डॉक्टरही होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून संपल्या. मुंबईत कस्तुरबा रुग्णालयात संशयित रुग्णांचे वॉर्ड उघडावे लागले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात देशभरात ५६ मृत्यू नोंदले गेले, त्यातले बहुतेक सुरतेतले. तो खरंच प्लेग होता का, यावर शास्त्रज्ञांचा वाद पुढे कितीतरी दिवस चालला, प्रा. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली. आपल्या प्रकरणाला तो वाद लागत नाही. महापालिकेचं पितळ उघडं पडलं होतं, एवढं पुरे आहे.

एक गोष्ट मात्र बजावून सांगायला हवी. ही महापालिका कंगाल नव्हती. कापड आणि हिऱ्यांच्या या शहरात जकातीचं उत्पन्न जोरात होतं. माणसं होती, गाड्या होत्या, कायदा होता. तरी रोज निर्माण होणाऱ्या कचऱ्यातला जेमतेम निम्मा उचलला जात असे. आजही कुठलीही पालिका उणेपणाची सबब सांगताना आधी निधीकडे बोट दाखवते. सुरतेला ती सबबही नव्हती.

एका चेंबरच्या झाकणाची फाईल

रावांनी नेमकं काय केलं, हे समजून घ्यायला आपल्याकडच्या कुठल्याही महापालिकेतली एक साधी फाईल घ्या. गल्लीत ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण फुटलंय. रहिवासी वॉर्डात अर्ज देतो. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन टिपणी लिहितो. ती उपअभियंत्याकडे, तिथून कार्यकारी अभियंत्याकडे जाते. तो 'तरतूद उपलब्ध आहे किंवा कसे' असा शेरा मारून लेखा विभागाकडे पाठवतो. लेखा विभागाला लेखाशीर्ष चुकलेलं दिसतं, फाईल परत. पुन्हा वर जाते, शहर अभियंता, उपायुक्त, 'मा. आयुक्त यांच्या मान्यतेस्तव सादर'. दरम्यान रस्ता खोदणारे म्हणतात झाकण आमचं नाही, मलनिस्सारणवाले म्हणतात रस्त्याची उंची वाढवली त्यांनी. यात कुणी लाच खाल्लेली नाही, कुणी कामचुकारपणाही केलेला नाही. प्रत्येकाने आपापली सही वेळेत केली असेल. झाकण मात्र फुटकंच.

१९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात कार्यकारी अधिकार एकट्या आयुक्ताच्या नावाने आहेत. गुजरातच्या महापालिका याच कायद्यावर चालत आल्या, आणि मुंबई सोडली तर आपल्याकडच्याही बहुतेक. सगळं आयुक्ताच्या नावाने, म्हणून सगळं आयुक्ताच्या टेबलावर. पण त्याच कायद्यात हे अधिकार खालच्या अधिकाऱ्यांना लेखी देण्याचीही सोय आहे. ती वापरायला आयुक्त सहसा धजत नाहीत. एकदा अधिकार दिले की खालच्याच्या चुकीचा जाब आपल्याला द्यायचा, आणि श्रेय मात्र वाटून घ्यायचं.

रावांनी ती सोय वापरली. शहराचे सहा झोन केले, प्रत्येक झोनला एक प्रमुख नेमला, आणि त्याला प्रशासनाचे व खर्चाचे असे दोन्ही अधिकार दिले. झाडू, पाणी, ड्रेनेज, दिवे, रस्ते, अतिक्रमण: झोनच्या हद्दीतलं सगळं त्याच्या हाताखाली. म्हणजे झाकणाची फाईल झोनबाहेर जायचं कारणच उरलं नाही. आणि झाकण फुटकं राहिलं तर कुणाला विचारायचं, हेही ठरलं. आधी ज्या माणसांनी हे शहर घाण ठेवलं असा लोकांचा राग होता, बहुतांशी त्याच माणसांकडून हे काम करून घेतलं गेलं. बाहेरून फौज आणली नव्हती.

मला या सगळ्या कारकिर्दीतलं खरं धाडस इथे दिसतं. बुलडोझरचे फोटो छापून येतात. अधिकार-प्रदानाच्या आदेशाचा फोटो कोण छापणार?

सकाळ रस्त्यावर, दुपार टेबलाशी

अधिकार दिले आणि साहेब निवांत झाले, असं मात्र झालं नाही. त्यांची दुसरी अट त्या काळात देशभर गाजली: 'एसी टू डीसी', म्हणजे वातानुकूलित खोली सोडून रोजच्या कामाला लागा. अभियंता असो की आरोग्य अधिकारी, सकाळचे पाचेक तास त्याने हद्दीत फिरायचं. आयुक्त स्वतःही फिरत. साहेब कुठल्या गल्लीत उगवतील याचा नेम नाही, हे कळल्यावर हजेरी शेडवरची गंमत बदलते. आपल्याकडे पालिकेचं वार्तांकन केलेल्या कुणालाही ती गंमत माहीत आहे: सही करून गायब झालेले, बदलीवर दुसऱ्याला पाठवणारे, मुकादमाला हप्ता देऊन घरी बसणारे.

दुपारी सगळ्या प्रमुखांची बैठक. रोज. इथे पाणीपुरवठ्याचा अभियंता, ड्रेनेजचा अभियंता, आरोग्यवाला आणि सहाही झोनचे प्रमुख एका टेबलाभोवती बसत. सकाळी जे पाहिलं ते तिथे मांडायचं, अडलं असेल तर ज्याच्यामुळे अडलं तो समोरच बसलेला. पत्र, स्मरणपत्र, अर्धशासकीय पत्र या शिडीची गरजच संपली. खात्यांच्या आपसातल्या भिंतींवर याहून स्वस्त इलाज मला तरी ठाऊक नाही. यात संगणकप्रणाली नव्हती, सल्लागार कंपनी नव्हती, प्रेझेंटेशन नव्हतं.

रोज झाली, हे त्या बैठकीचं वैशिष्ट्य. साप्ताहिक बैठकीत माणूस कारणं घेऊन येतो. दुसऱ्याच दिवशी त्याच तोंडांसमोर पुन्हा बसायचं असलं की तीच सबब कशी सांगणार?

बाकीच्या गोष्टी यातून निघाल्या. मुख्य रस्ते रात्री झाडायला सुरुवात झाली, कारण दिवसा सुरतेच्या कापडबाजारात हातगाडी उभी करायला जागा नसते, तिथे झाडू काय मारणार. काही भागांतलं झाडकाम खासगी कंत्राटदारांकडे दिलं. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याकडून, खाद्यपदार्थ उघडे ठेवणाऱ्याकडून जागेवर दंड वसूल होऊ लागला. 'सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण' म्हणणाऱ्या या शहरात हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासून टाळं लावणं म्हणजे गंमत नव्हे. झोपडपट्ट्यांत फरसबंदी, नळ, पैसे देऊन वापरायची शौचालयं आली. दवाखान्यांकडून आजारांचे आकडे रोज मागवले जाऊ लागले, म्हणजे तापाचे रुग्ण एका गल्लीत वाढले तर ते पावसाळा संपल्यावर अहवालात वाचण्याऐवजी त्याच आठवड्यात कळावं. काही वर्षांत कचरा उचलण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं.

तोडफोड

सुरतेच्या गोष्टीत सगळ्यात जास्त टाळ्या घेतो तो हा भाग. रस्तारुंदी आणि अतिक्रमणांवर हातोडा. रावांनी सुरुवात वजनदार लोकांच्या बेकायदा बांधकामांपासून केली, असं त्या काळाबद्दल लिहिणारे सांगतात, आणि धोरण म्हणून ते हुशारीचंच होतं. बंगल्याची भिंत पडलेली पाहिल्यावर टपरीवाल्याला 'आमच्यावरच का' म्हणता येत नाही, आणि नगरसेवकाला टपरीवाल्याची ढालही करता येत नाही.

पण बंगल्याची भिंत पडली तरी बंगला राहतो. टपरी गेली की रोजी जाते. हा हिशेब टाळ्यांमध्ये येत नाही. शहर सुंदर झालं याचा आनंद शहरात ज्याचं घर कागदावर आहे त्याला जास्त झाला असणार, हे उघड आहे. रावांच्या बाजूने इतकं नक्की म्हणता येईल की वस्त्यांमधल्या फरसबंदीवर आणि शौचालयांवरही त्याच काळात पैसा गेला. नंतरच्या काळात आपल्याकडच्या अनेक 'धडाकेबाज' आयुक्तांनी सुरतेतून उचललं ते नेमकं हातोड्याचं प्रकरण, आणि सोडलं ते दुपारच्या बैठकीचं.

त्यांना काढलं का नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त खिळवून ठेवतो. १९९५ च्या निवडणुकीत सुरत महापालिकेतल्या ९९ पैकी ९८ जागा भाजपने जिंकल्या होत्या. कायद्यानुसार एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर आयुक्ताला परत पाठवता येतं. म्हणजे ६२ हात वर झाले असते की काम तमाम. एकाच पक्षाकडे ९८ हात होते.

ते वर झाले नाहीत. याचं एक कारण भीतीचं. प्लेगच्या पंधरवड्यात व्यापाऱ्यांचा माल अडकला, मागणी थांबली, सुरतेचं नाव बदनाम झालं. तो तोटा शहरातल्या पैसेवाल्यांच्या डोळ्यासमोर ताजा होता, आणि नगरसेवकांना निवडणूक निधी देणारे तेच. दुसरं कारण, निकाल झपाट्याने दिसू लागले आणि त्याचं श्रेय सत्ताधारी पक्षालाही घेता येत होतं.

तिसरं कारण माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा. रावांच्या अडीच वर्षांत गांधीनगरमध्ये केशुभाई पटेल, सुरेश मेहता, शंकरसिंह वाघेला आणि दिलीप परीख असे चार मुख्यमंत्री झाले. मध्ये थोडे दिवस राष्ट्रपती राजवटही लागली. वाघेलांनी बंड करून खजुराहोला नेलेले आमदार सांभाळण्यात जे सरकार गुंतलंय, त्याला सुरतेच्या आयुक्ताची बदली करायला फुरसत कुठली! सरकार स्थिर असलं की चांगल्या अधिकाऱ्याला बळ मिळतं, असं आपण समजतो. इथे अस्थिरतेनेच त्यांना अडीच वर्षं दिली असावीत.

आपल्याकडचं उदाहरण याच्या उलट आहे. नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध ऑक्टोबर २०१६ मध्ये महासभेने १०४ विरुद्ध ६ मतांनी अविश्वास ठराव मंजूर केला. राज्य सरकारने तेव्हा त्यांना पाठीशी घातलं, पण मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झालीच. कायदा तोच, कलम तेच. मुंढे बरोबर की नगरसेवक, हा वेगळा विषय आहे. मला दिसतो तो फरक असा की सुरतेत दुकानदारापासून मागवाल्यापर्यंत सगळ्यांना आयुक्त हवा होता, कारण तो नसताना काय होतं ते त्यांनी नुकतंच भोगलं होतं.

नगरसेवकांची बाजूही नोंदवून ठेवतो. झोनप्रमुखाला सगळे अधिकार मिळाले म्हणजे वॉर्डातलं काम नगरसेवकाच्या चिठ्ठीशिवाय होऊ लागलं. नागरिकाला बरं वाटलं. पण ज्याला मत दिलं त्याला विचारायचं कारण उरलं नाही, आणि ज्याला विचारायचं तो बदलीवर जाणारा नोकर. रावांच्या मांडणीत लोकप्रतिनिधीची जागा नेमकी कुठे होती, याचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही.

साहेब गेल्यावर

१९९७ च्या अखेरीस राव गेले. अशा वेळी पालिकेत काय होतं ते ठरलेलं असतं: नवे साहेब येतात, जुन्या साहेबांच्या योजनेची पाटी उतरते. सुरतेत तसं झालं नाही. झोन राहिले, झोनकडचे अधिकार राहिले, रात्रीची झाडलोट राहिली. हे टिकलं, कारण ते रावांच्या स्वभावावर उभं नव्हतं. आदेशात लिहिलेलं होतं आणि शेकडो माणसांच्या दिनक्रमात मुरलेलं होतं. झोनप्रमुखांना मिळालेला अधिकार ते सहजी परत करणारही नव्हते, हेही एक कारण, थोडं खाजगीतलं.

परीक्षा झाली ऑगस्ट २००६ मध्ये. उकाई धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. १९९४ पेक्षा पूर कितीतरी मोठा. माणसं दगावली, घरं गेली, वस्त्यांत चिखलाचे थर साचले. पण त्यानंतर १९९४ सारखी साथ उसळली नाही, शहर सोडून लोंढे निघाले नाहीत. गाळ काढणं, औषधफवारणी, पाण्याची तपासणी, हे सगळं झोननिहाय कामाला लागलं. तेव्हा रावांना सुरत सोडून आठ-नऊ वर्षं झाली होती. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर पहिल्या क्रमांकावर आली. तिसरी नवी मुंबई.

पण हे चित्र इथे थांबवलं तर लबाडी होईल. लिंबायतच्या बाजूने जाणारी मिठी खाडी आजही पावसाळ्यात घरांत शिरते, आणि त्या घरांत आजही खानदेशातली माणसं आहेत. आणि २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली. सगळ्यात वर बेकायदा बांधलेल्या छताखाली शिकवणीचे वर्ग चालत होते. २२ विद्यार्थ्यांचा जीव गेला. काही जण वरून उड्या मारताना गेले. अटक झालेल्यांत महापालिकेचे अधिकारीही होते.

महापालिका तीच, झोनची पद्धत तीच, कायदाही तोच. कचरा साचला तर दुसऱ्या दिवशी नाकाला कळतो, दुपारच्या बैठकीत कुणीतरी त्याबद्दल बोलतं. गच्चीवर चढवलेला पत्रा कुणाच्याच नाकाला लागत नाही. तो प्रभाव-शुल्क, नियमितीकरण, ना-हरकत अशा फायलींतून वर्षानुवर्षं फिरत राहतो, म्हणजे नेमका त्याच प्रवासावर असतो ज्यातून रावांनी चेंबरचं झाकण सोडवलं होतं. झाडलोट, पाणी, साथरोग यांचे अधिकार खाली गेले आणि त्यांबरोबर रोजची विचारपूसही गेली. बांधकाम परवानगीच्या बाबतीत अधिकार झोनकडे पोचले, पण रोज उठून त्या गच्च्या कुणी पाहिल्या नाहीत.